विश्लेषण : ताटात पोहे-नारळ, ओठांवर एलियाहूचे नाव… कोकणातल्या बेने इस्रायलींचा ‘मलिदा’ आजवर कसा टिकला?

लग्न ठरले, बाळ झाले, नवे घर घेतले, दुखण्यातून कोणी उठले, की कोकणातल्या ज्यू घरात एक ताट मांडले जाते. त्यात भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळे. डोके झाकून पुरुष हिब्रू प्रार्थना म्हणतात, संदेष्टा एलियाहूचे नाव घेतले जाते आणि मग ताट सर्वांमध्ये वाटले जाते. याला ‘मलिदा’ म्हणतात. जगभरातल्या ज्यूंमध्ये एलियाहूला मोठा मान आहे. मात्र त्याच्या नावाने पोह्यांचे ताट मांडणारा समाज एकच, तो म्हणजे रायगड, मुंबई, ठाणे आणि पुण्याचा मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज. २०११च्या जनगणनेत संपूर्ण देशात ज्यूंची संख्या ४,६५० इतकीच भरली. तरीही मलिदा सुरू आहे. तो कसा टिकला, आणि आता त्याच्यापुढे अडचण कोणती?

बेने इस्रायल म्हणजे कोण?

‘बेने इस्रायल’ या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्रायलची लेकरे’. समाजाची पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेले मृतदेह तिथेच पुरण्यात आले. नवगावला आजही ही जागा दाखवली जाते आणि तिथे स्मारक आहे. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्राने नेले. तोंडपाठ राहिली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना.

ही कथा इतिहासाच्या कसोटीवर तारीखवार सिद्ध झालेली नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात हे आगमन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ठेवले. इतर अभ्यासकांनी वेगवेगळे काळ सुचवले आहेत. २०१६मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. थोडक्यात, ‘बाहेरून आले’ आणि ‘इथलेच आहेत’ ही दोन्ही विधाने खरी ठरतात.

भारतातले ज्यू म्हटले की अनेकांना मुंबईचे ससून कुटुंब आठवते किंवा कोचीनचा ‘ज्यू टाऊन’. ते समाज वेगळे. ससून वगैरे बगदादी ज्यू एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आले. कोचीनच्या ज्यूंची भाषा मल्याळम. बेने इस्रायलींची घरची भाषा मात्र मराठी, आणि आडनावे तर अस्सल रायगडी : केहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर, अष्टमकर, झिराड. गाव सुटले तरी ‘कर’ सुटला नाही.

‘शनवार तेली’ हे नाव कशामुळे?

कोकणात या मंडळींनी तेलाचा घाणा चालवला आणि शेती केली. शनिवारी घाणा बंद. कारण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे कामाला पूर्ण विराम. गावाने त्यावरून नाव पाडले : शनवार तेली. इतर तेल्यांची सुट्टी सोमवारी असे, म्हणून ते सोमवार तेली. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ही आणखी एक जात होती, तिचा सुट्टीचा वार तेवढा वेगळा. ‘ज्यू’ हा शब्द ना गावाला ठाऊक होता, ना बहुधा त्या घरांना.

ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, सिनेगॉग नाही. मग उरले काय? मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा विसावा, काही उपवास आणि ताटात काय चालते-चालत नाही याचे नियम. म्हणजे धर्म राहिला तो अंगावर, घाण्यावर आणि चुलीवर.

अठराव्या शतकात कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबी यांची गोष्ट याच ठिकाणी येते. हे लोक खरेच ज्यू आहेत का हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली, असे सांगतात. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. ज्यू आहारनियम नेमका हाच आहे. पापलेट चालते, कोळंबी, खेकडा, कालवे आणि मुशी चालत नाही. कोकणात राहून कोळंबीला हात न लावणे म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको! रहाबी नेमके कोण आणि कधीचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. समाजाच्या आठवणीत मात्र ही परीक्षा पक्की बसली आहे, आणि ती बायकांनी दिली हेही.

सणांची मराठी नावे कोणती?

हिब्रू पंचांग हातात नसताना सण पाळायचे, तर त्यांना नावेही घरचीच पडणार. ज्यू नववर्ष ‘रोश हशाना’ इथे ‘नव्याचा सण’ झाला. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास ‘योम किप्पूर’ हा ‘दारफळणीचा सण’. त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, कोणाशी व्यवहार करायचा नाही. ‘पुरीम’ होळीच्या आसपास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकदिनाचे नाव तर सर्वांत कोकणी : ‘बिरड्याचा सण’. त्या उपवासाशी वालाचे बिरडे जोडले गेले. मंदिर कोणते, कोणी पाडले हे विसरले गेले असेल, पण त्या दिवशी वाल भिजवायचे हे विसरले गेले नाही.

‘पेसाह’ या सणात आंबवलेले काहीही घरात चालत नाही. त्याचे जुने मराठी नाव ‘अनशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. बेखमीर भाकरी का खायची याची इजिप्तमधून सुटकेची गोष्ट मागे पडली, झाकलेले भांडे शिल्लक राहिले.

स्वयंपाकघरातही हेच. ज्यू नियमानुसार मांस आणि दूध एकत्र खायचे नाही. नारळाच्या मुलखात ही अडचण फारशी जाणवलीच नाही. मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध, आणि मटणाच्या जेवणानंतरचे गोडही नारळाच्या दुधातले. नव्याच्या सणाला होणारा ‘चिकाचा हलवा’ हा गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध आटवून वड्या पाडलेला पदार्थ. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षांची वाइन लागते. ती गावात कुठून मिळणार? मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केले जाऊ लागले. आज बाजारात वाइन मिळते, तरी कित्येक घरांत हे मनुकांचे सरबतच लागते.

मग मलिदा नेमका काय असतो?

ताटाच्या मध्यभागी गोड पोहे. पोहे धुऊन निथळायचे. त्यात ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ, बदाम, पिस्ते, बेदाणे. भोवती फळे, बहुधा पाच प्रकारची. खजूर आणि केळे हवेच. शिवाय गुलाबाची पाकळी किंवा सब्जासारखे वासाचे काहीतरी.

हे केवळ सजावटीसाठी नाही. ज्यू परंपरेत झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून उगवणाऱ्याचा वेगळा, सुवासाचा वेगळा. खजूर झाडाच्या आशीर्वादासाठी. केळे मात्र जमिनीच्या बाजूला, कारण धर्मशास्त्राच्या दृष्टीने केळ हे झाडच नव्हे. वनस्पतिशास्त्रही तेच सांगते. एकेक जिन्नस उचलायचा, त्याचा आशीर्वाद म्हणायचा, खायचा. म्हणजे ताट पूर्णपणे कोकणी आणि त्याचे व्याकरण पूर्णपणे ज्यू.

एलियाहू हा बायबलमधला संदेष्टा. तो मेला नाही, अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला आणि पुन्हा येईल, अशी श्रद्धा. इतरत्र ज्यू लोक पेसाहच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. कोकणात तो नवसाला पावणारा झाला. ‘एलियाहू हन्नाबी’ या नावातला ‘हन्नाबी’ म्हणजे हिब्रूत ‘संदेष्टा’. मुसलमान शेजाऱ्यांचा ‘नबी’ शब्द आणि हा शब्द सख्खे भाऊ.

‘मलिदा’ हा शब्दही फारसीतून आलेला आणि दर्ग्यावर चढवल्या जाणाऱ्या मलिद्याचा सोबती. नवस बोलणे, फेडणे, प्रसाद वाटणे ही रीत पाहिली तर सत्यनारायणाची आठवण येते. अभ्यासकांनी दोन्ही साम्ये नोंदवली आहेत. याला उसनवारी म्हणावे काय? म्हणता येईल, पण मग पोहे कांडणारा, नारळ फोडणारा आणि नवस बोलणारा प्रत्येकच कोणाकडून तरी उसने घेतो. बेने इस्रायलींनी मूर्ती घेतली नाही, प्रार्थनेतला देव बदलला नाही, ताट तेवढे शेजाऱ्याचे घेतले.

या श्रद्धेला जागाही आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका कातळावर खुणा आहेत. एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या त्या खुणा, असे समाज मानतो. ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणून ही जागा ओळखली जाते. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या, झाडांचे नववर्ष मानल्या जाणाऱ्या दिवशी होणाऱ्या या सोहळ्याला जुन्या पिढीने नाव दिले ते ‘उरूस’.

ग्रंथ परत कसे आले?

इंग्रजांच्या काळात कुटुंबे गावातून मुंबईला आली. फौज, रेल्वे, पोस्ट, कस्टम, दवाखाने अशा नोकऱ्यांत शिरली. फौजेतले सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, म्हणजे समाजी हसाजी दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६मध्ये त्यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले, ‘शार हारहमीम’ म्हणजे दयेचे द्वार. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याचे नाव सॅम्युएल स्ट्रीट. बेने इस्रायल सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. लोकलचे ‘मशीद’ स्थानक आणि मशीद बंदर या नावांमागे हीच वास्तू असल्याचे सांगितले जाते.

शिक्षण आले ते दोन वाटांनी. कोचीनहून हिब्रू जाणणारे शिक्षक आले, आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. घडले उलटेच. बायबलचा जुना करार मराठीत वाचायला मिळाल्यावर बेने इस्रायल आणखी पक्के ज्यू झाले.

पेसाहच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी १८४६मध्ये मुंबईत हिब्रू-मराठीत निघाली. १८७४च्या पुणे आवृत्तीतली चित्रे पाहण्यासारखी आहेत. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका त्यात लुगडी नेसून बसल्या आहेत. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८०च्या सुमारास तर या समाजाने कीर्तन उचलले. पूर्वरंग, आख्यान, पदे, साथीला वाद्ये, सारे मराठी कीर्तनाच्या बाजाचे आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे किंवा मोशेचे.

याच पिढ्यांतून पुढे मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, ‘आलम आरा’ लिहिणारे जोसेफ डेव्हिड, ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड (डेव्हिड अब्राहम चेऊलकर) आणि कवी निस्सीम इझिकेल आले. डॉ. ई. मोझेस मार्गावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे मोझेस मराठी बोलणाऱ्या समाजातले होते हे ठाऊक असेल?

सारे गोडच होते का?

नाही. शेजाऱ्यांकडून जशा चांगल्या रीती आल्या तशी जातही आली. समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. मिश्र विवाहातून झालेल्यांना ‘काळे’ म्हटले जाई, आणि त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार टाळला जाई. हा भेद विसाव्या शतकात विरला. पण भारतीय विविधतेचा नमुना म्हणून या समाजाचे कौतुक करताना ही बाजू झाकणे बरोबर नाही.

दुसरा घाव पुढे इस्रायलमध्ये बसला. १९४८मध्ये तो देश स्थापन झाला आणि बेने इस्रायल निघाले. भारतात ज्यू म्हणून छळ झाला, असे कारण त्यामागे नव्हते. धार्मिक ओढ होती, आणि इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचे काय होईल ही धास्ती होती. तिथे पोहोचल्यावर अनेकांना वाळवंटी गावांत वसवले गेले. वागणूक न पटल्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काहींनी धरणे धरले आणि ते भारतात परतलेही. १९६२मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाच्या वेळी बेने इस्रायलींच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा निर्देश दिला. इतकी शतके शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना ‘तुम्ही नक्की ज्यू का?’ असे विचारले गेले. आंदोलन झाले, जेरुसलेममध्ये ठिय्या पडला. १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेत हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट करण्यात आले, त्यानंतर वाद निवळला.

आज अडचण कोणती?

माणसांची. विसाव्या शतकाच्या मध्यावर बेने इस्रायलींची संख्या २० हजारांच्या आसपास होती. आता भारतात उरलेल्यांपैकी बहुतेक मुंबई-ठाणे पट्ट्यात आहेत. ज्यू सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. ठाण्यातल्या १८७९च्या सिनेगॉगमध्ये ही संख्या भरते. रायगडात मात्र वास्तू आहेत, दहा माणसे नाहीत. अलिबागच्या इस्रायल आळीतले ‘मागेन अबोथ’, रेवदंडा, पेण आणि पनवेलची सिनेगॉग ही एकोणिसाव्या शतकातली. सणावारी मुंबईहून माणसे आली की दिवे लागतात. महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे शिक्षणसंस्था, नोंदणी अशा बाबतीत सोय झाली, पण दहावा माणूस सरकारी आदेशाने येत नाही.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती तिकडे आहे. डिमोना, बीरशेबा, अश्दोद, रामला, लोद या इस्रायली शहरांत आज भारतापेक्षा कितीतरी अधिक बेने इस्रायल राहतात. भारतातून गेलेल्या पिढीने तिथे मराठी जपली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले, महाराष्ट्र दिन साजरा केला. त्यांची मुले मराठी समजतात, बोलताना अडखळतात. नातवंडांची भाषा हिब्रू. ‘दारफळणी’ किंवा ‘बिरड्याचा सण’ हे शब्द त्यांच्यासाठी आजीचे शब्द आहेत. कारण मूळ हिब्रू नावे आता रोजच्या कॅलेंडरवरच आहेत. मराठी नावाची गरज ज्या अभावातून निर्माण झाली, तो अभावच संपला. कीर्तनाचेही तसेच. आख्यान समजायला मराठी लागते.

मलिदा त्यातून कसा सुटला?

त्याला भाषा लागत नाही. प्रार्थना हिब्रूच होत्या, त्या तिथे उलट जास्त सोप्या झाल्या. पोहे भारतीय दुकानांत मिळतात, आणि खजुराची तर तिथे ददात नाही. लग्नाआधीची मेंदी आणि मलिदा, हे दोन प्रसंग इस्रायलमधल्या बेने इस्रायल कुटुंबांत ठळकपणे पाळले जातात. ज्या खुणेमुळे पूर्वी धर्मपीठाने भुवया उंचावल्या असत्या, तीच आज ‘आम्ही भारतातले’ हे सांगण्याची खूण झाली आहे.

भारतात चित्र थोडे वेगळे आहे. इथे मलिदा ही ओळख सांगण्याची गोष्ट नाही, नवस फेडण्याची आहे. मूल परदेशी शिकायला निघाले, शस्त्रक्रिया नीट पार पडली, जागेचा व्यवहार झाला की एलियाहूच्या नावाने ताट होते. शेजारच्या घरांतही वाटी जाते.

आणि खंडाळ्याच्या कातळावर दोन्हीकडचे लोक येतात. ठाण्या-मुंबईची कुटुंबे सुट्टीच्या दिवशी गाडी करून येतात, दुपारपर्यंत परततात. इस्रायलहून येणारे गट नवगावचे स्मारक, अलिबागचे सिनेगॉग आणि हा टापा असा फेरा करतात. आजोबांच्या आडनावातले गाव नकाशावर शोधत आलेली तरुण मुले त्यात असतात. रोहे, पेण, चौल, किहीम. गावात घर उरलेले नसते, ओळखीचे कोणी नसते. कातळापाशी ताट मांडले जाते, खजुराचा आशीर्वाद आधी, मग केळ्याचा, आणि शेवटी पोह्यांचा घास.